अ‍ॅपमधले अंदाजी वॉट दर राइडला वेगळे येतात: नेमकं काय तपासायचं

सायकल राइड नोंदवणारी अ‍ॅप वॉटचा, म्हणजे पायांनी लावलेल्या ताकदीचा आकडा दाखवतात. त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. रस्ता तोच, दम तेवढाच लागला, हृदयाचे ठोकेही जवळपास तेवढेच. पण अ‍ॅप एका दिवशी सरासरी १४० वॉट दाखवतं आणि दोन दिवसांनी १८५. किंवा दुसरी तऱ्हा: पॉवर मीटरवाल्या (पायांची ताकद प्रत्यक्ष मोजणारं, सायकलवर बसवायचं उपकरण) सोबत्याबरोबर पूर्ण राइड केली, दोघांचं वजन सारखं, तरी त्याचे १३० आणि आपले १७०. मग सेटिंगमध्ये जाऊन वजन दोन किलोने खाली-वर करायचं, पुढच्या राइडला आकडा जुळला की हुश्श म्हणायचं, आणि त्याच्या पुढच्या राइडला पुन्हा तेच रडगाणं.

हे परत परत होतं, कारण बहुतेक जण एकच गुणक शोधत बसतात. 'माझं अ‍ॅप वीस टक्के जास्त दाखवतं, म्हणून वीस टक्के वजा करायचे.' असा गुणक सापडणार नाही, कारण तो नाहीच. एकाच राइडमध्ये एका किलोमीटरला अंदाज चाळीस टक्के जास्त असतो, पुढच्या किलोमीटरला तीस टक्के कमी आणि मधल्या चढावर जवळजवळ बरोबर. म्हणून 'अ‍ॅपचं काय चुकतंय' हा प्रश्न बाजूला ठेवा. या राइडमध्ये तुमची ताकद कशाशी झुंजण्यात गेली, ते आधी बघा.

पहिली खात्री: आकडा मोजलेला आहे की काढलेला?

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. स्ट्राव्हा या अ‍ॅपमध्ये पॉवर खरोखर मोजलेली असेल तर आकड्याशेजारी विजेची छोटी खूण दिसते. ती नसेल तर आकडा गणिताने काढलेला आहे. पॉवर मीटर असूनही खूण दिसत नसेल, तर मीटर त्या दिवशी जोडलंच गेलं नव्हतं: बॅटरी उतरली होती, किंवा फोन आणि सायकल कॉम्प्युटर दोन्हींवर रेकॉर्डिंग चालू होतं आणि फोनचीच फाइल चढली. मीटर असलेल्या माणसाला अचानक 'आज भलतेच वॉट आले' असं वाटलं, तर सगळ्यात आधी हेच बघावं.

त्याच ओघात आणखी एक. सोबत्याचा आकडा साधी सरासरी आहे की भारित सरासरी? भारित सरासरीत जोराच्या तुकड्यांना जास्त वजन मिळतं, त्यामुळे चढ-उताराच्या, थांबत-पळत केलेल्या राइडमध्ये ती साध्या सरासरीपेक्षा सहज वीस-तीस वॉट वर असते. तुमची साधी आणि त्याची भारित अशी तुलना करून वाद घालण्यात अर्थ नाही.

गणित बरोबर आहे, त्यात भरलेले आकडे बरोबर नाहीत

अ‍ॅप तुमच्या पायांचं काहीच मोजत नाही. त्याच्या हाती असतो वेग, उंची आणि तुम्ही सांगितलेलं वजन. त्यावरून ते उलटा हिशोब करतं: एवढ्या वजनाची सायकल एवढ्या वेगाने या चढावर जायला किती ताकद लागली असेल? खर्चाची खाती चारच. गुरुत्वाकर्षण, टायरचं घर्षण, हवेचा विरोध, आणि वेग वाढवताना लागणारी ऊर्जा. वर चेन आणि गिअरमध्ये दोन-तीन टक्के जातात.

हे गणित कच्चं नाही. १९९८ साली जेम्स मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रस्त्यावरच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिलं, तेव्हा प्रमाण चूक तीन वॉटच्याही आत आली. पण त्यांनी सायकलस्वारांचा हवेचा विरोध वारा-बोगद्यात (पंख्यांनी वारा सोडून मोजणी करायची बंदिस्त जागा) आधी मोजून घेतला होता आणि प्रयोगाच्या जागी वारा मोजला होता. तुमच्या अ‍ॅपकडे यातलं काहीच नाही. ते तुमच्या बसण्याची पद्धत गृहीत धरतं, टायर गृहीत धरतं आणि वारा शून्य समजतं. म्हणजे सूत्रावर राग काढू नका. त्यात कोणता आकडा चुकीचा भरला गेला ते शोधा.

वारा: संशयित क्रमांक एक

सपाट रस्ता, ताशी ३० किलोमीटर, सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो, हात हुडवर, म्हणजे हँडलवरच्या ब्रेकच्या रबरी मुठींवर. साधारण आकडे धरले तर लागतात १४८ वॉट. त्यातले ११० च्या आसपास निव्वळ हवा कापण्यात जातात.

आता ताशी ७ किलोमीटरचा वारा समोरून घ्या. झाडाची पानं हलतील एवढाच, कुणी 'आज वारा आहे' असंही म्हणणार नाही. तोच ३० चा वेग राखायला आता २१० वॉट लागतात. वारा तेवढाच पण पाठीशी असेल तर १००. तिन्ही वेळा अ‍ॅप सांगणार १४८, कारण त्याला वेग दिसतो, वारा दिसत नाही. दोन राइडमधला चाळीस-पन्नास वॉटचा गोंधळ बहुतेक वेळा एवढ्यानेच उलगडतो.

'जाताना समोरून, येताना पाठीमागून, म्हणजे हिशोब फिटला' हे फार ऐकायला येतं. तो फिटत नाही. वरच्याच उदाहरणात २१० आणि १०० ची सरासरी १५५ येते, १४८ नाही. शिवाय माणूस वेग नाही, जोर सारखा ठेवतो. समोरच्या वाऱ्यात वेग पडतो आणि त्या हळू, जास्त मिनिटांच्या पट्ट्यात अ‍ॅप तुम्हाला आळशी ठरवतं. परतीला वेग चढतो, तेव्हा ते तुमची भलतीच स्तुती करतं. एका दिशेनेच जाऊन मुक्काम करणाऱ्यांच्या राइडला तर अंदाजाचा आकडा बघूच नये.

तपासणी सोपी आहे. राइडचे जाण्याचा आणि येण्याचा असे दोन भाग करा. ठोके दोन्हींत सारखे आणि अंदाजी वॉटमध्ये मोठी तफावत असेल, तर वारा. हवामान अ‍ॅपवरचा वारा पडताळायला घेत असाल तर एक लक्षात ठेवा: तो आकडा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. सायकलवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर, मोकळ्या रानातसुद्धा, साधारण साठ टक्केच उरतो. झाडी किंवा घरं असतील तर आणखी कमी. तो जसाच्या तसा भरला तर दुरुस्ती उलट बाजूला जास्त होते. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी गोल्डनचीता हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात वारा आणि टायरचं घर्षण हाताने भरून राइडचे अंदाजी वॉट पुन्हा काढता येतात. माझं मत विचाराल तर हा उद्योग एखाद्या महत्त्वाच्या राइडपुरता ठीक, रोज करायचा नाही.

कुणाच्या चाकाला लागून गेलात?

सोबत्याचे १३० आणि आपले १७० का, याचं उत्तर इथे आहे. दुसऱ्याच्या मागे हातभर अंतरावर चिकटून गेलं की हवेचा विरोध साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. वरच्या उदाहरणात म्हणजे तेहेतीस वॉट वाचले. पॉवर मीटरला ते कळतं, कारण पायांनी खरोखरच कमी जोर लावला. अ‍ॅपला वाटतं तुम्ही एकटेच होतात. मोठ्या समूहात हे आणखी टोकाला जातं. बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यापासून मागच्या जागांवर हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत उतरलेला दिसला. म्हणून ग्रुप राइडचे अंदाजी वॉट दुरुस्त करता येत नाहीत, सोडूनच द्यायचे. आणि नेहमी पुढे राहून ओढणाऱ्या गड्यावर अन्याय होतो तो वेगळाच: मागच्या पाचांनाही अ‍ॅप त्याच्याएवढेच वॉट वाटून टाकतं.

उंचीचा घोळ, आणि पुलावरचे ६७० वॉट

वाऱ्याखालोखाल त्रास देते ती उंची. ताशी २५ च्या वेगात चढाचा अंदाज फक्त एक टक्क्याने चुकला, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, तर ८० किलोसाठी ५४ वॉट इकडचे तिकडे होतात. सपाटीला एवढ्या वेगाला एकूण लागतातच ९४. म्हणजे चूक निम्म्याहून जास्त.

फोनमध्ये किंवा सायकल कॉम्प्युटरमध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक नसेल, तर उंची बहुधा नकाशाच्या माहितीवरून येते. ती माहिती जमिनीची असते, रस्त्याची नसते. याचा नमुना बघायचा असेल तर दरीवरचा पूल असलेली एखादी राइड उघडा. पूल तीनशे मीटरचा, वरचा रस्ता अगदी सपाट. आलेखात मात्र पुलाच्या मध्याशी बारा मीटरचा खड्डा दिसेल, कारण नकाशाने खालचं नदीपात्र घेतलं. आता ताशी ३० ने त्या पुलावरून जा. पहिल्या दीडशे मीटरला अ‍ॅपला वाटतं तुम्ही आठ टक्के उतारावर आहात, वॉट शून्य. पुढच्या दीडशे मीटरला तुम्ही म्हणे आठ टक्के चढ ३० च्या वेगाने चढलात: जवळपास ६७० वॉट, अठरा सेकंद. तुम्ही मात्र पूर्ण वेळ १५० वॉटवर निवांत पॅडल मारत होतात. बोगदे, डोंगर फोडून काढलेले रस्ते आणि कड्याच्या अंगाने जाणारे घाट इथेही हेच होतं.

यातली आणखी एक खोच सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उंचीचा आलेख थरथरता असेल तर चुका एकमेकींना खोडून काढतील असं वाटतं. पण वॉट उणे दाखवता येत नाहीत, अ‍ॅप तिथे शून्यावर थांबतं. समजा ९४ वॉटच्या सपाट रस्त्यावर आलेख आळीपाळीने तीन टक्के चढ आणि तीन टक्के उतार दाखवतोय. चढाच्या तुकड्यांना साधारण २६० येतात, उताराच्या तुकड्यांना उणे येऊन शून्य धरले जातात. सरासरी १३०. म्हणजे नुसत्या थरथरीने आकडा फुगला. अ‍ॅप आलेख गुळगुळीत करून हे दाबतात, पण फारच गुळगुळीत केला तर खरे छोटे चढही पुसले जातात. बारीक चढ-उतारांच्या रस्त्यावर अंदाज कायम जास्त येत असेल तर कारण इथे शोधा.

उपाय असे. उंचीचा आलेख मोठा करून बघा; करवतीसारखे दात दिसले किंवा सुटे टोकदार खड्डे दिसले तर माहिती वाईट. स्ट्राव्हाच्या संकेतस्थळावर राइडची उंची दुरुस्त करायचा पर्याय आहे, तो नकाशावरून पुन्हा उंची बसवतो. उंचीमापक नसलेल्या किंवा बिघडलेल्या उपकरणाच्या फाइलला तो उपयोगी, पण चांगल्या दाबमापकाच्या फाइलवर उगाच वापरू नका. पावसात भिजलेल्या उपकरणावर मात्र जरूर वापरून पाहा, कारण दाबमापकाच्या बारीक छिद्रात पाणी गेलं की उंची वाटेल तशी भरकटते. आणि सकाळी निघून दुपारी त्याच जागी परतल्यावर दहा-पंधरा मीटर फरक दिसला तर घाबरू नका. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की समुद्रसपाटीजवळ उंची सुमारे आठ मीटरनी हलते. हा सावकाश झालेला बदल वॉटला फारसा बाधत नाही, बाधते ती थरथर.

सेटिंगमधली कामं

ही सगळ्यात आधी केली जातात, पण परिणामाच्या मानाने त्यांची जागा इथे, खाली आहे. तरी एकदाच नीट करून टाका.

वजन आजचं भरा. सायकलच्या वजनात भरलेल्या बाटल्या, हवेचा पंप, बूट, हेल्मेट, बॅग धरा. गुरुत्वाकर्षणाला ते सगळं सायकलवरच आहे. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजेच दीड किलो. एकूण वजनात पाच किलोंची चूक असेल तर आठ टक्के चढावर सुमारे चौदा वॉट चुकतात, सपाटीवर मात्र दोनच. राइड कोणत्या सायकलच्या नावावर पडली तेही बघा. दोन सायकली असलेल्यांची माउंटन बाइकची राइड रोड बाइकच्या खात्यात जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

टायर आणि बसण्याची पद्धत यांचा बहुतेक अ‍ॅपमध्ये वेगळा रकानाच नसतो. खडबडीत रस्त्यावर, कमी हवेच्या टायरवर घर्षण चांगल्या रस्त्याच्या दुप्पट झालं तर ताशी २५ ला पंचवीसेक वॉट जास्त लागतात. सैल जाकीट घालून ताठ बसलात तर ताशी ३० ला तेवढेच किंवा जास्त. अ‍ॅप हे दोन्ही खर्च तुमच्या खात्यात धरत नाही, म्हणून जाड टायरवर ताठ बसून चालवणाऱ्यांना ते कायम कमी लेखतं. डोंगराळ पठारावर उलटं: दोन हजार मीटरच्या आसपास हवा विरळ असते, अ‍ॅपने समुद्रसपाटीची घनता धरली तर सपाट पट्ट्यात पंधरा-वीस वॉट फुकटचे मिळतात.

सिग्नलवर थांबत-थांबत केलेली राइड ही वेगळीच डोकेदुखी. ८० किलोंना शून्यावरून ३० पर्यंत न्यायला सुमारे २८०० ज्यूल लागतात आणि प्रत्येक ब्रेकला ते उष्णता होऊन जातात. तासात वीस वेळा थांबलात तर सरासरीत पंधरा वॉट. जीपीएसचा वेग उशिरा आणि गुळगुळीत होऊन येत असल्यामुळे अ‍ॅपला यातले काही दिसतात, काही नाहीत. चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) वेगाचा सेन्सर लावला तर हा भाग बराच सुधारतो, झाडीखाली जीपीएसच्या वेगात येणाऱ्या उड्याही जातात.

मग विश्वास कुठे ठेवायचा? चढावर

आठ टक्के चढ, ताशी १२ किलोमीटर, तेच ८० किलो. लागतात सुमारे २३६ वॉट, आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसते वजन वर नेण्यात. मघाचाच सात किलोमीटरचा समोरचा वारा इथे आला तर फरक पडतो अकरा वॉटचा. सपाटीवर बासष्ट होता. कुणाच्या मागे लागून गेलात तरी फायदा दोन-तीन वॉट. म्हणजे अ‍ॅपला जे दिसत नाही ते इथे किरकोळ होतं, आणि जे दिसतं, वजन आणि उंची, तेच सगळं ठरवतं.

म्हणून महिन्यातून एकदा एक ठरलेला चढ घ्या. सहा टक्क्यांच्या वरचा, मध्ये उतार नसलेला, निदान दहा मिनिटांचा, वारा पडलेला असताना. अ‍ॅपचा आकडा बघण्याआधी हाताने हिशोब करा: एकूण वजन गुणिले ९.८१ गुणिले चढलेली उंची, भागिले सेकंद. ८० किलो, ४०० मीटर उंची, ५ किलोमीटर अंतर, अर्धा तास: १७४ वॉट. टायर, हवा आणि चेनचे मिळून बारा टक्के घाला, १९५. अ‍ॅप १८५ ते २०५ मध्ये असेल तर सेटिंग बरोबर आहेत. मग सपाटीवरच्या विचित्र आकड्यांसाठी त्यांना हात लावू नका.

दुसऱ्या वाटेने ताळा करायचा तर तासाला किती मीटर चढलात ते काढा. वरच्या उदाहरणात ८००. त्याला २०० अधिक चढाच्या टक्क्यांची दहापट, म्हणजे २८० ने भागलं की शरीराच्या किलोमागे २.८६ वॉट येतात. सत्तर किलोच्या माणसाला २००. हे ढोबळ सूत्र मिकेले फेरारी या डॉक्टरचं. उत्तेजकांच्या प्रकरणात २०१२ मध्ये त्याच्यावर आजीवन बंदी आली, त्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणा, पण चढाचं गणित चालतं.

अंदाजी वॉटवरून एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी कमाल ताकद, ठरवायचा मोह होतोच. सपाट राइडवरून ठरवू नका. पाठीमागच्या वाऱ्यातल्या वीस मिनिटांवर बेतलेले ट्रेनिंग झोन (सरावासाठी ठरवलेले वॉटचे टप्पे) पुढच्या आठवड्यात घरातल्या ट्रेनरवर जीव काढतील. लांब चढावरून ठरवलात तर चालेल, तोही दोन-तीनदा पडताळून. रोजच्या सरावाला ठोके आणि स्वतःला वाटणारा दम हे सपाटीवर अंदाजी वॉटपेक्षा भरवशाचे.

कॅलरीचा आकडाही याच वॉटवरून निघत असतो, ही गोष्ट वजन कमी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के असल्याने केलेलं काम किलोज्यूलमध्ये आणि खर्च झालेल्या किलोकॅलरी हे आकडे जवळपास सारखेच येतात. खरे १५० वॉट असताना अ‍ॅपने १९० धरले, तर दोन तासांत २९० किलोकॅलरी कागदावर जास्त जळतात, आणि त्या ताटात परत येतात.

हाताचा हिशोब आणि अ‍ॅप यांत चढावरही पंधरा टक्क्यांहून जास्त फरक राहिला, तर आधी चढाची उंची कागदी नकाशाच्या समोच्च रेषांवरून किंवा दाबमापक असलेल्या दुसऱ्याच्या फाइलवरून ताडून घ्या. ती जुळली तर वजनाचं एकक बघा: किलोऐवजी पौंड निवडलेलं असलं की ७० चा माणूस अ‍ॅपला ३२ किलोंचा दिसतो. तेही बरोबर असेल तर ती राइड दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये चढवून पाहा. तिथे आकडा जुळला तर फाइल ठीक आहे, पहिल्या अ‍ॅपच्या मदत विभागाला राइडची लिंक, एकूण वजन, चढाची उंची आणि वेळ एवढं लिहून पाठवा. 'वॉट चुकीचे येतात' एवढंच लिहिलंत तर वजन तपासा असं ठरलेलं उत्तर येईल.